प्रश्न लिहायचे नसतात

शेळी हरवली म्हणून ठाण्यात आलेली बाई शेळीचा रंग सांगितल्याशिवाय उठून जात नाही. सव्वीस वर्षं पोलीस खात्यात लेखणी घासून मी स्वतःच्या डोक्यानं शिकलो अशी ही एकच गोष्ट. बाकी सगळं दुसऱ्यांनी शिकवलेलं, आणि त्यातलं बरंचसं शिकलो नसतो तर बरं झालं असतं.

या अंकाचे संपादक ओळखीचे आहेत. ते म्हणाले, अंकासाठी ठाण्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना पोलिसांच्या गोष्टी आवडतात. मी हो म्हणालो आणि आठ दिवस कागदासमोर बसलो. गंमत म्हणून जी आठवायला घ्यावी तिच्या मागून मागच्या खोलीतला आवाज यायला लागतो. शेवटी म्हटलं, त्या आवाजाबद्दलच लिहू. छापायचं की नाही ते संपादक बघतील.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. मी भरती झालो तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, मग मुंबई राज्यात गेलं, मग महाराष्ट्र झाला. टेबल तेच, खुर्ची तीच, फक्त छापील कागद बदलायचे आणि तेही वेळेवर नाही. महाराष्ट्र झाल्यावरही आमच्याकडे नागपूरचे हिंदी मथळ्यांचे कागद बरेच दिवस पुरले. माझं अक्षर वळणदार म्हणून मला मोहरीर केलं. मोहरीर म्हणजे ठाण्याचा लिहिणारा. रोजनामचा, फिर्याद, पंचनामा, जबाब, सगळं त्याच्या हातचं. ठाणेदार येतात नि बदलून जातात, मोहरीर तिथंच बसून असतो.

त्यातलं जबाबाचं कसब बाहेरच्यांना ठाऊक नसतं. जबाब घेताना प्रश्न विचारले जातात, पण कागदावर प्रश्न लिहायचे नसतात. नुसती उत्तरं घ्यायची, ती एकाला एक जोडायची आणि माणूस आपणहून बोलतोय असा मजकूर करायचा. समजा साहेबानं विचारलं, "तू सोमवारी बाजारात गेला होता का?" समोरचा म्हणाला, "हो." मी लिहायचं, "मी सोमवारी बाजारात गेलो होतो." साहेबानं विचारलं, "बैल तूच सोडला ना?" समोरचा पुन्हा म्हणाला, "हो." मी लिहायचं, "तेथे मी एक बैल दाव्यापासून सोडला." माणूस दिवसभरात फक्त हो म्हणालेला असतो आणि कागदावर त्याची दोन पानांची कहाणी उभी राहते. माझे जबाब असे वाहते असत की वकीलही तारीफ करायचे. मला त्याचा अभिमान होता. आज तो शब्द लिहितानाही कानकोंडं होतं.

त्या बैलाची गोष्ट सांगूनच टाकतो, म्हणजे संपादकांना एक तरी गंमत मिळेल. एका शेतकऱ्याचा नवा घेतलेला बैल गेला. आमच्या ठाण्यात एकानं चोरी कबूल केली, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या ठाण्यात दुसऱ्यानं तोच बैल चोरल्याचं कबूल केलं. दोघांनीही दावं कसं सोडलं, कोणत्या पाणंदीनं नेला, सगळं तपशिलानं सांगितलेलं. पाचव्या दिवशी बैल सापडला. तो आपल्या जुन्या मालकाच्या गोठ्यात जाऊन उभा होता. विकलेलं जनावर असं जातं कधीकधी, रस्ता लक्षात ठेवून. ठाण्यात खूप हसलो आम्ही. ज्यानं आमच्याकडे कबुली दिली होती तोही ओट्यावर बसून हसत होता, कारण त्याला घरी जायचं होतं. त्याला उठताना भिंत धरावी लागली.

दार लागलेलं असताना ती मागची खोली मला कधी पाहावी लागली नाही. मोहरिराचं टेबल पुढच्या पडवीत असतं. मी कोणावर हात उचलला नाही, हे मी घरी अनेकदा सांगितलं आहे. पण मला त्या खोलीची भीती वाटायची. दार लागलं की मी मान कागदात घालायचो. आतून आवाज आला की मी अक्षर अजून वळणदार काढायचो, म्हणजे लक्ष त्यात राहील. हेही वाटायचं की एखाद्या दिवशी कोणी हो म्हणता म्हणता माझ्या भावाचं नाव घेईल, साळ्याचं घेईल. काऊन घेणार नाही? साहेबानं प्रश्नात जे नाव घातलं तेच उत्तरात यायचं. रस्त्यात ठाणेदारसाहेबाला नमस्कार करायला भाऊ विसरला तरी मला घाम फुटायचा.

आता कल्हईवाल्याची केस. आमच्या भागात ती पुढं कितीतरी वर्षं याच नावानं सांगितली जायची. गावाचं नाव लिहीत नाही. जानेफळकडच्या रस्त्यानं निघालं की डाव्या हाताला ते लागतं एवढं पुरे. माणसांची नावं बदलली आहेत.

त्या गावच्या एका माळ्याची सहा वर्षांची पोरगी कमल बाजाराच्या दिवशी संध्याकाळपासून दिसेना. आईबाप भाजीची पाटी घेऊन बाजारात बसलेले, पोर आसपास खेळत होती. गावानं रात्रभर कंदील घेऊन शोधलं. सकाळी बाप ठाण्यात आला. त्याला बसवेना, तो माझ्या टेबलाची कड धरून उभा होता.

मी विचारलं, "शेवटी कोनाजवळ दिसली होती?"

"थ्या कल्हईवाल्यापाशी," तो म्हणाला. "नथ्थूपाशी. थो पोट्ट्यायले कल्हईचे मनी देते ना, तं माही पोरगी त्याच्यापाशीच जाऊन बसे."

नथ्थू सोनाळ्याकडचा. भाता, कोळसे नि नवसागराची पुडी घेऊन बाजारबाजार फिरायचा. कल्हई वितळली की तिचा एखादा थेंब पाण्यात टाकायचा, तो चमकदार मण्यासारखा घट्ट व्हायचा, आणि तो पोरांना द्यायचा. बाहेरगावचा माणूस, एकटा राहणारा, लहान पोरीला वस्तू देतो. ठाण्याला आणखी काय लागतं? नऊ वाजता त्याला आणलं. दुसऱ्या गावी जायला त्यानं सामान बांधलेलं होतं, तेही त्याच्या विरोधात गेलं.

आमचे ठाणेदार राक्षस नव्हते हे लिहिलं पाहिजे. वाचणाऱ्याला राक्षस हवा असतो, म्हणजे सोपं जातं. हा माणूस शिस्तीचा, लाच न खाणारा, घरी दोन लहान मुली. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मोहरीर, पोरगी जिवंत असेल तर आपल्या हातात आजचा दिवस आहे. उद्या उपयोग नाही. मला घाई करावी लागणार." मी मान हलवली. मलाही तेव्हा ते पटलं होतं. पोरीचा जीव एका बाजूला आणि नथ्थूचे तळपाय दुसऱ्या बाजूला, असं तोलून पाहिलं तर कोण काय बोलणार?

दार लागलं. दौलत नावाचा शिपाई आत होता, हाताचा जड.

सुरुवातीला एकच वाक्य ऐकू येत होतं. "मले मालूम नाई साहेब, देवाची आन." प्रश्न, पट्ट्याचा आवाज, आणि मग हेच. मी रोजनामच्यात मागच्या आठवड्याची राहिलेली नोंद करत बसलो. साडेदहाच्या सुमारास साहेबांचा आवाज आला, "विहिरीत टाकली का?" आणि नथ्थू म्हणाला, "हाव साहेब, इहिरीत."

सगळे धावले. गावची विहीर, मळ्यातल्या दोन विहिरी. गळ टाकून टाकून माणसं दमली. बाप विहिरीच्या काठावर बसून प्रत्येक वेळी गळ वर आला की डोळे मिटायचा, असं शिपायानं येऊन सांगितलं. बारा वाजता निरोप आला, विहिरीत काही नाही. पुन्हा दार लागलं. "मग कुठं आहे? गाडीवाल्याला विकली का?" "हाव साहेब, इकली." कोणत्या गाडीवाल्याला, कुठं, त्याला सांगता येईना. एक शिपाई मोटार पकडून मेहकरच्या रस्त्याला रवाना झाला. म्हणजे पोरीला शोधायला जी माणसं होती ती नथ्थूच्या एकेका 'हो'मागं पळत होती. हे मला आज सरळ दिसतं. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटत होतं, माणूस चेंगट आहे, थोडं थोडं सोडतोय.

दोनच्या सुमारास ती बाई आली. देवकाबाई. त्याच गावची, पाटलाकडे कामाला असणारी, चाळिशीची. पडवीच्या पायरीशी बसली, पदर तोंडाशी धरून.

मी विचारलं, "काय वं बाई, काय काम?"

"शेळी हारपली," ती म्हणाली.

"आज शेळीचं काय घेऊन आली? पाहून नाही राह्यली काय चाललं थे? बस जराशी."

ती बसली. तेवढ्यात आतून नथ्थूचा आवाज आला. तो आवाज मी इथं लिहीत नाही. मी कागदाकडे पाहत होतो. मान वर केली तेव्हा बाई पायरीवर नव्हती. फाटकातून बाहेर पडताना तिची पाठ दिसली, पळत नव्हती, पण चाल तशीच.

आता खरं सांगायचं तर मला त्याच क्षणी खटकलं होतं. शेळी गेलेली बाई म्हणजे काय असते? ती शेळीचा रंग सांगते, शिंगं सांगते, कोणत्या कानाला चीर आहे ते सांगते, शेजारणीवर संशय घेते, रडते, तिला उठवता उठवता मोहरिराच्या नाकी नऊ येतात. ही एक शब्द बोलून गेली. हिला शेळी नव्हतीच. हे मला कळलं आणि मी जागचा हललो नाही. उठून तिच्या मागं जायचं तर साहेबांना सांगून जायला हवं, साहेब आत, दार ठोठावावं लागणार. ते दार ठोठावायची माझी छाती झाली नाही. तासभर मी तसाच बसलो.

त्या तासात दौलत एकदा बाहेर आला. घामेजला होता. माझ्या टेबलावरच्या दोन पेन्सिली त्यानं उचलल्या आणि माझ्याकडे पाहिलं. शाळेत मास्तर बोटांत पेन्सिल घालून दाबायचे ते वाचकांपैकी काहींना आठवत असेल. मला कळलं होतं. मी म्हणालो, "परत आनून ठेव बरं, सरकारी आहेत." हे माझे शब्द. दुसरं काही सुचलं नाही, आणि जे सुचलं ते हे.

मग मी उठलो. आतून जे ऐकू येत होतं ते ऐकत बसण्याची भीती साहेबांच्या भीतीपेक्षा मोठी झाली, एवढंच. त्याला कोणी धीर म्हणू नये. शाई संपली असं पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगितलं, सायकल काढली आणि गावच्या रस्त्याला लागलो.

मैलभर पुढं ती बाभळीखाली बसलेली होती. घरी गेली नव्हती आणि ठाण्याकडेही येववत नव्हतं. मला पाहून उठली आणि पळायला लागली. मी सायकल आडवी टाकली, टोपी काढून हातात घेतली आणि तिथंच मातीत बसलो. खाकी माणूस मातीत बसलेला तिनं पाहिला नसेल. ती थांबली.

मी म्हटलं, "माय, शेळी कोन्या रंगाची होती?"

ती पाहत राहिली आणि मग हंबरडा फोडून रडायला लागली.

"शेळी नाई जी. शेळी कायची. म्या झाकन लावलं," ती म्हणाली. "पेवाचं झाकन म्या लावलं."

पेव ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे ज्वारी जमिनीखाली साठवत. तोंड अरुंद, खाली रांजणासारखं पोट, दोन पुरुष खोल. वर दगडी झाकण ठेवून कडेनं माती लिंपायची. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आत कोंडलेली वाफ माणसाला मारते. दिवसभर तोंड उघडं ठेवतात, कंदील दोरीनं खाली सोडून पाहतात, कंदील पेटता राहिला तर माणूस उतरतो. बाजाराच्या दिवशी पाटलानं पेव उघडलं होतं. माणसांनी दुपारनंतर ज्वारी काढली, पोती वाड्यावर नेली, शिडी तशीच आत. तिन्हीसांजेला देवका आणि तिचा नवरा आले, शिडी ओढली, झाकण ठेवलं. माती दुसऱ्या दिवशी लिंपू म्हणाले. ती तेवढी राहिली होती.

"झाकन ठेवलं तवा आतून कायतरी खुडबुडलं जी," देवका म्हणाली. "मी धन्याले म्हनलं. थे म्हने, उंदीर असन, चाल, अंधार पडून राह्यला. मंग रातभर गाव पोरीले धुंडे अन् मले झोप नाई. धनी म्हने, बोलू नको, बोलशीन तं आपुनच ढकललं म्हनतीन. तरी दुपारून निंगाली मी. तुमच्यापाशी आली. पन आतून थो आवाज..." ती थांबली. "त्यानं तं नुसता मनी देल्ला, तं त्याचं असं करून राह्यले. म्या तं झाकन लावलं. माह्यं काय करान?"

मी तिला म्हणालो, "तुझं नाव कुठं येणार नाही. माझ्या आईची शपथ." आणि सायकलवर बसलो.

ठाण्यात परत गेलो नाही. सरळ गावात गेलो. पाटलाला, पोरीच्या बापाला हाक मारली, चौघांनी झाकण सरकवलं. आत काळोख. बापानं वाकून हाक मारली, एकदा, दोनदा. उत्तर नाही. कंदील सोडला. तो खाली जाईपर्यंत कोणी श्वास घेतला नसेल. कंदील फडफडला पण विझला नाही. त्याच्या उजेडात ज्वारीवर पोर दिसली, कुशीवर निजलेली. बाप शिडीची वाट न पाहता दोर धरून उतरला. वर आणली तेव्हा अंग गार, ओठ पांढरे, पण छाती हलत होती. झाकणाच्या कडेची माती लिंपायची राहिली होती, त्या फटीनं ती जगली. तिची मूठ उघडली तर आत कल्हईचा मणी. तो घरंगळून पेवात पडला होता आणि ती शिडीनं त्याच्या मागं उतरली होती. तळाशी जड हवेत तिला गुंगी आली, वर शिडी ओढल्याचं तिला कळलंही नाही.

मी रडलो. पाटील रडला. संध्याकाळी ठाणेदारसाहेब दवाखान्यात तिला पाहून आले आणि तेही रुमालानं डोळे पुसत होते. त्या वेळी मागच्या खोलीत नथ्थू भिंतीला टेकून बसलेला होता. उजव्या हाताची तीन बोटं सुजून निळी पडलेली, वाकडी. शेवटच्या तासात तो नाल्यात पुरली असंही म्हणाला होता. दोन माणसं फावडी घेऊन नाला उकरायला गेली होती, ती अजून परतायची होती.

साहेबांनी मला विचारलं, "पेवाचं तुला कोणी सांगितलं?"

"एका बाईनं, साहेब. नाव न सांगायचा शब्द दिलाय."

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "नाव नाही तर कागदावर काय दाखवायचं? आणि याच्या हाताचं काय दाखवायचं?" ते माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. "लिही, की नथ्थूनं सांगितलं. त्यानं पोरीला पेवाकडे जाताना पाहिलं होतं, भीतीनं लपवलं, शेवटी सांगितलं. त्याच्यावर गुन्हा नाही, बाईचं नाव नाही. सगळ्यांचं भलं."

मी एवढंच म्हणालो, "साहेब, त्यानं पाहिलं नव्हतं."

"मोहरीर, तुझी पोरगी असती तर?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे. माझी पोरगी असती तर मी अख्ख्या गावाला झोडपलं असतं, आणि देवका आणखी लांब पळाली असती, आणि माझी पोरगी पेवात मेली असती. पण हे उत्तर सुचायला मला नोकरी संपावी लागली.

मी लिहिलं. दीड पान. माझ्या सगळ्या जबाबांत तो सर्वांत सुरेख असेल. "मी मुलीस पेवाचे दिशेने जाताना पाहिले. परंतु माझेवर आळ येईल या भीतीने मी ही गोष्ट कोणास सांगितली नाही." प्रश्न एकही नाही, कारण प्रश्न लिहायचे नसतात. नथ्थूला वाचून दाखवला. त्यानं प्रत्येक वाक्याला मान हलवली.

गावानं त्याचा भाता फोडला. पाहूनही लपवतो, पोरीचा जीव जाऊ देत होता, म्हणून. त्या हातानं तसाही तो पुन्हा भांडं धरणार नव्हता. त्या बाजारात तो नंतर कधी दिसला नाही.

आणि केस गाजली. वरून शाबासकीचं पत्र आलं. चार वर्षांनी माझी बदली दुसऱ्या ठाण्यात झाली. तिथं एक तरुण साहेब होते. एक म्हातारा गुराखी संशयावर धरलेला, एका बेपत्ता माणसाच्या तपासात. माझ्या नव्या साहेबांनी दार लावण्यापूर्वी मला विचारलं, "कल्हईवाल्याची केस तुमच्याच ठाण्याची ना? तोही दिवसभर नाही म्हणत होता, आणि शेवटी सांगितलंच ना?" मी म्हणायला हवं होतं, नाही साहेब, त्यानं काहीच सांगितलं नाही, त्याला काही माहीतच नव्हतं, एका बाईनं सांगितलं आणि तीही आमच्यामुळे न सांगताच निघून गेली होती. कागद माझ्या हातचा होता. खोटं लिहिलं म्हणून नोकरी जाईल, पेन्शन जाईल, देवकाचं नाव उघडं पडेल, हे सगळं एका दमात डोक्यात आलं. मी "जी" म्हणालो. म्हाताऱ्यानं तीन ठिकाणं सांगितली, तिन्ही खोटी. त्याला दवाखान्यात नेलं, तिथून तो आला नाही. बेपत्ता माणूस पुढं सुरतेला गिरणीत काम करताना सापडला.

तेव्हापासून मला घरात दार लागल्याचा आवाज सहन होत नाही. बायको दारं उघडीच ठेवते.

कमलचं लग्न ठरलं तेव्हा ती बापासोबत पत्रिका घेऊन पिंपळगाव राजाला माझ्या घरी आली. चांगली उंच, हसरी पोरगी झाली होती. पाया पडली. "काकानं काढलं मले पेवातून," असं तिनं माझ्या सुनेला कौतुकानं सांगितलं. मग लाडू खाता खाता एकदम म्हणाली, "काका, थो कल्हईवाला जित्ता हाय का हो? त्यानं मले जातानी पाह्यलं अन् दिवसभर दडवलं. असा कसा मानूस असते? मले अजून त्याचं सपन पडते."

तिचा बाप म्हणाला, "जाऊ दे व. त्याले शिक्षा भेटली."

मी लाडू संपवला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो मणी तांबड्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेला होता, आणि तो कोणी दिला हे माहीत असूनही, मणी देणारा नि स्वप्नात येणारा माणूस एकच आहे हे तिच्या लक्षात येत नव्हतं.

त्या लग्नानंतर मी सोनाळ्याला गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, वाक्यं तयार केली होती. शोधायला वेळ लागला नाही. मुलाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर एका पेटीवर तो उन्हात बसलेला होता, म्हातारा झालेला. मी साध्या धोतरात होतो, डोक्यावर टोपी नव्हती, तेरा-चौदा वर्षं झालेली. तरी त्यानं मला ओळखलं. चेहऱ्यानं नसेल, आवाजानं असेल, कारण मी फक्त "नथ्थूभाऊ" म्हटलं होतं.

तो उठून उभा राहिला. हात जोडले, तीन बोटं जुळली नाहीत. मी अजून काहीही विचारलं नव्हतं, काहीही बोललो नव्हतो, आणि तो म्हणाला, "हाव साहेब. जे असन थे, हाव."

मी म्हटलं, "नाही नथ्थूभाऊ, मी काही विचारायला आलो नाही."

"हाव साहेब," तो म्हणाला.

त्याचा मुलगा हातातला पाना घेऊन मधे येऊन उभा राहिला. मी आणखी थांबलो असतो तर तो म्हातारा खाली बसला नसता, म्हणून मी निघालो. माफी राहून गेली.

देवकाबाई वारली त्याला आता दोन वर्षं झाली, तिला दिलेला शब्द तिथवर पाळला. कमल, हा अंक तुझ्या सासरी येतो असं तुझा बाप म्हणाला होता. म्हणून तो जबाब, मी लिहायला हवा होता तसा, इथं लिहितो.

प्रश्न: पोरगी कुठं आहे? उत्तर: मले मालूम नाई साहेब.

प्रश्न: तू तिला पेवाकडे जाताना पाहिलं होतं ना? उत्तर: हा प्रश्न त्या दिवशी त्याला कोणी विचारलाच नाही.